तळा खय आसा?

प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका, पान अकरा:
'खडूने मोठे वर्तुळ आखावे. आत तळे, बाहेर मळा.
वयोगट तीन ते सहा. साहित्य: काही नाही.'

काही नाही, हे वाचून बरं वाटलं.
आटपाडीहून तळाशीलला आले तेव्हा
माझ्याकडेही साहित्य तेवढंच होतं.

वाळूवर खडू उठत नाही.
सुभद्राताईंनी माडाच्या झावळीच्या देठानं गोल ओढला,
आठ पोरं काठावर उभी केली,
दोघांचे शेंबूड पुसले, एकाची चड्डी वर केली,
आणि मी ओरडले, 'तळ्यात!'

कोणी हललं नाही.

दुर्वांकनं गोलात वाकून बघितलं,
मग माझ्याकडे, फसवल्यासारखं.
'बाई, तळा खय आसा?'

खरंच की.
या गावाची रुंदी म्हणजे एक हाक.
पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी,
मध्ये वाळत घातलेली जाळी, माड, आणि आम्ही.
मळा म्हणावा तर न्हाणीमागचं अळू.

पान अकरा मिटलं.
गोलाच्या अलीकडे दर्या, पलीकडे खाडी, गोलात वाडी.
दर्यात! वाडीत! खाडयेत! वाडीत! दर्यात!
एल्टन उडी मारतो तेव्हा त्याचे हातही उडी मारतात,
वेगळ्याच दिशेला.
यज्ञा प्रत्येक वेळी फ्रॉक गुडघ्यावर धरते, भिजू नये म्हणून.
छोटा किट्टू नेहमी एक हाक उशिरा उडतो,
आणि कधी कधी
एकटा तोच बरोबर असतो.

पुढच्या फेरीला मी म्हटलं, 'दर्यात!'
सगळी वाडीतच थांबली, एकमेकांना घट्ट धरून.
'बाई, बावटो लागलो हा. आज जावचा नाय.'

बंदराकडे कोणी बघितलंसुद्धा नव्हतं.
पहाटे घरात बोलणं झालं असणार,
होड्या किती वर ओढायच्या, कोणाला हाक मारायची.
साडेचार वर्षांची यज्ञा
आजोबांच्या आवाजात बोलली होती,
आणि मी एकटीच समुद्रात उभी.

'मग मी आउट,' म्हटलं.

पुस्तिकेप्रमाणे आउट झालेल्यानं बाजूला बसावं.
बसायला गेले तर पोरं बसू देईनात.
सुभद्राताईंची कपड्यांची निळी दोरी सोडून आणली,
चार इकडे, चार तिकडे,
आणि मला मध्ये घेऊन रापण लागली.
'ओढा रे! ओढा!'
किट्टू उलट्या बाजूला ओढत होता, पण जीव लावून.
मी म्हावरं. मी तडफडले,
कल्ले फुगवले, शेपूट आपटलं,
पदर वाळूनं भरला.
'बाई गावली! बाई गावली!'
शेजारच्या कुबल आजी कुंपणावरून म्हणाल्या,
'मोठा गावलाहा हो. कापतलास कसा?'

कापलं नाही. वाटे केले.
त्या दिवशीचा खाऊ, शेंगदाण्याच्या चिक्क्या,
पेपरावर ओळीनं मांडल्या.
ओढणाऱ्यांचे आठ. सुभद्राताईंचा एक.
म्हावऱ्यालाही एक, हे जरा विचित्र वाटलं,
पण कोणी हरकत घेतली नाही.
ताप आलेल्या निहारचा एक, त्याची बहीण नेईल.
मग यज्ञा बोट नाचवत थांबली:
'आणि दोरयेचो?'
तिच्या घरी होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो.
दोरीचाही ठेवला,
नीट, दोरीच्या वेटोळ्यात.

पर्यवेक्षिकेच्या नमुन्यात एक रकाना आहे:
विजेत्याचे नाव.
दोन वेळा पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

पोरं झोपली तेव्हा दोरी बघायला गेले.
वाटा नव्हता.
दुर्वांक डोळे मिटून पडला होता, फार घट्ट मिटून,
ओठाला गुळाचा तुकडा.
'दुर्वांक, दोरीची चिक्की कुठं गेली?'
डोळे न उघडता तो म्हणाला,
'दोरयेन खाल्ल्यान.'